सगळ्यांना घरी आणणारा माणूस : सर अर्नेस्ट शॅकल्टन

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन-चार पानं लिहून द्या असं आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा मी आधी कपाटातून सोसायटीच्या जुन्या हिशेबाच्या फायली काढल्या. २५ पैकी ८ वर्षं मी कमिटीवर होतो, त्यातली ६ वर्षं खजिनदार. वाटलं, आकडेच द्यावेत. पण आकडे दर वर्षीच्या अहवालात छापलेले असतात आणि ते किती जण वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो.

बँकेत ब्रँच मॅनेजर झाल्यावर आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. चार डोकी एकत्र आणून काम कसं करून घ्यायचं, हा विषय. त्यातलं बाकीचं सगळं विसरलो, पण एका दुपारी शिकवणाऱ्यांनी शॅकल्टनची हकीकत सांगितली ती तेवढी राहिली. जेवणानंतरचा तास होता, तरी कोणी पेंगलं नाही. निवृत्त झाल्यावर या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो. आपल्या सोसायटीत ३२ फ्लॅट आहेत. शॅकल्टनच्या जहाजावर २८ माणसं होती. एकत्र राहणं किती अवघड आणि किती गरजेचं असतं, हे आपल्यालाही थोडंफार कळतंच.

अर्नेस्ट शॅकल्टनचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात झाला. वडिलांची शेती होती, पण पुढे ते डॉक्टरकी शिकले आणि कुटुंब लंडनला आलं. अर्नेस्टला डलिच कॉलेज या चांगल्या शाळेत घातलं. अभ्यासात त्याचं मन नव्हतं. वडिलांची इच्छा त्याने डॉक्टर व्हावं अशी होती. हा मात्र १६ व्या वर्षी शिडाच्या व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून गेला. तिथे सगळ्या थरांतल्या माणसांबरोबर राहायची सवय त्याला लागली. खलाशाशी खलाशासारखं आणि मालकाशी मालकासारखं बोलता येणं ही त्याची पुढची सगळी कमाई तिथली आहे.

त्या काळात दक्षिण ध्रुवावर कोणीच पोचलेलं नव्हतं. १९०१ मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांची डिस्कव्हरी जहाजावरची मोहीम निघाली, तिच्यात शॅकल्टनची निवड झाली. स्कॉट, डॉ. विल्सन आणि शॅकल्टन असे तिघं ध्रुवाच्या दिशेने निघाले. १९०२ च्या अखेरीस त्यांनी तोवर कोणी गेलं नव्हतं इतकी दक्षिण गाठली. पण परतताना शॅकल्टन आजारी पडला. स्कर्व्ही झाला, खोकल्यातून रक्त पडायला लागलं. स्कॉटने त्याला १९०३ मध्ये मदतीला आलेल्या जहाजातून घरी पाठवून दिलं. बाकीचे मागे राहिले आणि आपल्याला परत पाठवलं, ही गोष्ट त्याला फार लागली.

मायदेशी आल्यावर १९०४ मध्ये एमिली डॉर्मनशी त्याचं लग्न झालं. त्याने बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. स्कॉटलंडच्या भूगोल संस्थेचा सेक्रेटरी झाला. १९०६ मध्ये डंडीतून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. झटपट पैसा मिळवून देणारे धंदे त्याला कायम खुणावत. पुढे सिगरेटची कंपनी झाली, हंगेरीतल्या सोन्याच्या खाणीची खटपट झाली. एकातही हाती काही लागलं नाही. बँकवाला म्हणून सांगतो, हा माणूस माझ्या टेबलासमोर कर्ज मागायला बसला असता तर मी गोड बोलून वाटेला लावला असता.

तरी त्याला पैसे देणारे भेटले. ग्लासगोचे कारखानदार विल्यम बिअर्डमोर ७,००० पौंडांच्या कर्जाला जामीन राहिले आणि १९०७ मध्ये निमरॉड या जुन्या जहाजावरून शॅकल्टनची स्वतःची पहिली मोहीम निघाली. ऑक्टोबर १९०८ च्या अखेरीस तो तिघा सोबत्यांना घेऊन ध्रुवाकडे चालू लागला. बरोबरचे चारही घोडे वाटेत गेले. शेवटचा घोडा तर बर्फातल्या भेगेत नाहीसा झाला. मग माणसांनीच सामान ओढलं. ९ जानेवारी १९०९ रोजी ते ध्रुवापासून फक्त १८० किलोमीटर अंतरावर होते.

आणि तिथून शॅकल्टन मागे फिरला.

पुढे जाता आलं असतं. ध्रुव मिळालाही असता. पण बरोबरच्या अन्नात परत येणं जमलं नसतं, हा हिशेब त्याने मांडला. जगात पहिलं नाव लागायचं होतं ते चार जिवांच्या बदल्यात त्याला नको होतं. परतीच्या वाटेवर उपासमार सुरूच होती. त्यात फ्रँक वाइल्ड हा सोबती फार अशक्त झाला. एका सकाळी शॅकल्टनने आपल्या वाटणीचं एकुलतं एक बिस्किट बळेबळे त्याला खायला लावलं. त्या बिस्किटाची किंमत हजारो पौंडांत होणार नाही, अशा अर्थाचं वाइल्डने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं. पुढे हा वाइल्ड शॅकल्टनचा उजवा हात झाला. चौघंही जिवंत परतले. त्याच वर्षी शॅकल्टनला सर ही पदवी मिळाली.

डिसेंबर १९११ मध्ये नॉर्वेचा आमुंडसेन ध्रुवावर पोचला. महिन्याभराने स्कॉटही पोचला, पण परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चार सोबती मृत्युमुखी पडले. ध्रुवाचा मान गेला होता. मग शॅकल्टनने नवं उद्दिष्ट ठरवलं : अंटार्क्टिका खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी ओलांडायचा. स्कॉटलंडमधले तागाचे व्यापारी सर जेम्स केअर्ड यांनी २४,००० पौंड दिले, सरकारने १०,००० पौंड दिले, आणखीही देणगीदार मिळाले. एन्ड्युरन्स नावाचं जहाज घेतलं. दुसरं जहाज, अरोरा, खंडाच्या विरुद्ध बाजूला रॉस समुद्रात जाऊन वाटेवर अन्नाचे साठे ठेवणार होतं. माणसं निवडताना तो चार-दोन प्रश्न विचारी. एका शास्त्रज्ञाला त्याने गाता येतं का असं विचारलं म्हणतात. महिनोन्महिने एका खोलीत राहायचं तर माणूस कसा आहे हे त्याला हवं होतं.

८ ऑगस्ट १९१४ रोजी एन्ड्युरन्स इंग्लंडहून निघालं. चारच दिवस आधी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं होतं. साउथ जॉर्जिया या बेटावर देवमाशांच्या शिकारीचे तळ होते. तिथे महिनाभर थांबून ५ डिसेंबरला जहाज वेडेल समुद्राकडे निघालं. जानेवारी १९१५ मध्ये किनारा एका दिवसाच्या अंतरावर राहिला असताना जहाज बर्फात अडकलं. सगळीकडे बर्फाचा थर, आणि हा थर जहाजाला घेऊन हळूहळू वाहत होता. मेच्या सुरुवातीला सूर्य मावळला तो जुलैच्या अखेरीपर्यंत दिसलाच नाही.

काम थांबलं की माणसं कुरकुरायला लागतात, हे कमिटीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शॅकल्टनने रोजचा दिनक्रम मोडू दिला नाही. जेवण ठरल्या वेळी. फरशी घासायची पाळी सगळ्यांना, मग तो खलाशी असो की पदवीधर शास्त्रज्ञ. बर्फावर फुटबॉल, कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती, शनिवारी रात्री गाणी. हवामानशास्त्रज्ञ हसी बँजो वाजवायचा. शॅकल्टन स्वतः आतून काळजीने पोखरला होता, पण ते माणसांना दिसू देत नव्हता.

बर्फाचा दाब वाढत गेला. लाकूड कडाकडा मोडू लागलं. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी जहाज सोडायचा हुकूम त्याला द्यावा लागला आणि २१ नोव्हेंबरला ते पाण्याखाली गेलं. २८ माणसं, तीन होड्या, काही तंबू, खाली तरंगता बर्फ. ते जिवंत आहेत की नाहीत हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. ज्या उद्दिष्टासाठी त्याने काही वर्षं झिजवली, लोकांचे पैसे घेतले, ते एका दिवसात संपलं होतं. त्याने त्यावर फार शोक केला नाही. सगळ्यांना एकत्र केलं आणि साध्या शब्दांत सांगितलं, की जहाज गेलं, आता आपण घरी जायचं. त्या क्षणापासून मोहिमेचं काम बदललं. खंड ओलांडणं राहिलं, २८ माणसं जिवंत परत नेणं हे एकच काम उरलं. ते सगळ्यांना समजलं आणि सगळ्यांचं झालं.

सामान कमी करायचं होतं. प्रत्येकाने जवळपास किलोभरच खासगी वस्तू ठेवायच्या असं ठरलं. शॅकल्टनने सर्वांच्या देखत आपल्या खिशातली सोन्याची नाणी बर्फावर टाकली. मग इतरांना बोलायला जागा राहिली नाही. हसीचा बँजो मात्र साडेपाच किलोंचा असूनही त्याने मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. झोपायच्या पिशव्यांचीही गोष्ट आहे. १८ पिशव्या उबदार कातड्याच्या होत्या, बाकीच्या लोकरीच्या, हलक्या. चिठ्ठ्या टाकल्या. आणि नवल असं की लोकरीच्या पिशव्या नेमक्या शॅकल्टन, वाइल्ड, वर्स्ली आणि वरच्या अधिकाऱ्यांच्याच वाट्याला आल्या. चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड केलेली आहे हे खलाशांच्या लक्षात आलं. ऑडिटरने शेरा न मारता सोडून द्यावी अशी ही एकच लबाडी मला माहीत आहे.

कुरकुरणाऱ्यांना तो लांब ठेवत नसे, उलट जवळ घेत असे. फोटोग्राफर फ्रँक हर्लीला आपला मान राखलेला आवडायचा. त्याला शॅकल्टनने स्वतःच्याच तंबूत घेतलं आणि महत्त्वाच्या गोष्टींत त्याचं मत विचारलं. माणूस नाराज होऊन चार जणांत बोलत बसण्यापेक्षा आपल्याशी बोललेला बरा, असा सरळ विचार.

पण एकदा मामला हातघाईवर आला. जहाजावरचा सुतार हॅरी मॅक्निश हा स्कॉटिश गृहस्थ, वयाने बऱ्याच जणांपेक्षा मोठा, कामात पक्का आणि तोंडाने कडक. त्याची एक मांजर होती. जहाज गेल्यावर अन्नाच्या टंचाईमुळे तिला आणि काही कुत्र्यांना गोळी घालावी लागली. ते मॅक्निशने मनात ठेवलं. डिसेंबरात जड होड्या बर्फावरून ओढत न्यायचं चाललं होतं. २७ तारखेला मॅक्निशने पुढे जायला नकार दिला. त्याचा मुद्दा असा, की जहाज बुडालं म्हणजे करार संपला, पगार थांबला, आता हुकूम कोणाचा? त्या काळच्या व्यापारी जहाजांवर तशी रीतच होती, त्यामुळे मुद्दा अगदी पोकळ नव्हता. शॅकल्टनने सगळ्यांना गोळा करून करारपत्र वाचून दाखवलं. बंदराला लागेपर्यंत पगार चालू राहील आणि तोवर हुकूमही पाळावा लागेल, असं बजावलं. मॅक्निश गप्प झाला. पण होड्या ओढण्याने काही साधत नाही, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं. दोनच दिवसांनी ओढणं थांबवून तळ ठोकावा लागला.

त्या तळावर साडेतीन महिने गेले. सील आणि पेंग्विनचं मांस खाऊन राहिले. ९ एप्रिल १९१६ रोजी खालचा बर्फ फुटायला लागला, तेव्हा तिन्ही होड्या पाण्यात घातल्या. भिजत, कुडकुडत, तहानेने जीभ सुजलेल्या अवस्थेत १५ एप्रिलला ते एलिफंट बेटावर उतरले. ४९७ दिवसांनी पायाखाली जमीन आली. वाटेत हर्लीचे हातमोजे हरवले, तर शॅकल्टनने आपले काढून दिले.

हे बेट ओसाड आणि जहाजांच्या वाटेपासून दूर होतं. तिथे शोधायला कोणी येणार नव्हतं. मग शॅकल्टनने ठरवलं, की एका होडीतून साउथ जॉर्जियाला जाऊन मदत आणायची. अंतर सुमारे १,५०० किलोमीटर, जगातला सगळ्यात खवळलेला समुद्र आणि होडी जेमतेम सात मीटरची. नाव जेम्स केअर्ड, देणगीदाराचंच. ही होडी मॅक्निशने तयार केली. खोक्यांच्या फळ्या, गाडीचे दांडे, कॅनव्हास, जे हाताला लागलं त्याने काठ उंच केले, वरून झाकलं. फटी बुजवायला दिव्याच्या वाती, चित्रकाराचा रंग आणि सीलचं रक्त वापरलं.

२४ एप्रिलला सहा जण निघाले : शॅकल्टन, कप्तान वर्स्ली, टॉम क्रीन, मॅक्कार्थी, व्हिन्सेंट आणि मॅक्निश. मॅक्निश आणि व्हिन्सेंट दोघंही भांडकुदळ. त्यांना बेटावर सोडलं असतं तर मागच्यांना त्रास झाला असता, हाही विचार त्यामागे होता. होडीवर बर्फ साचून ती बुडायची वेळ येई, मग एकाने रांगत जाऊन तो कुऱ्हाडीने फोडायचा. वर्स्लीला सूर्य मोजक्या वेळा दिसला, तेवढ्यावर त्याने दिशा काढली. या प्रवासातली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. कोणी एक जण गारठून खचायला लागलेला दिसला, की शॅकल्टन सगळ्यांसाठी गरम दूध करायला सांगे. आपल्यामुळे दूध होतंय हे त्या माणसाला कळू देत नसे.

१० मे रोजी होडी साउथ जॉर्जियाला लागली, पण बेटाच्या चुकीच्या बाजूला. देवमाशांच्या शिकारीचे तळ पलीकडे आणि मधले बर्फाचे डोंगर तोवर कोणी ओलांडलेले नव्हते. व्हिन्सेंट आणि मॅक्निश यांच्यात चालायचं त्राण नव्हतं. त्यांना मॅक्कार्थीच्या हवाली करून शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन निघाले. मॅक्निशने त्यांच्या बुटांच्या तळव्यांना होडीतले स्क्रू बसवून दिले, बर्फावर पाय घसरू नये म्हणून. तंबू नाही, पिशव्या नाहीत, एक दोर. ३६ तास चालून २० मे रोजी ते स्ट्रॉमनेसच्या तळावर पोचले. सकाळी सात वाजता तळाचा भोंगा ऐकू आला, तो त्यांनी दीड वर्षात ऐकलेला बाहेरच्या माणसांचा पहिला आवाज. तळाचा मॅनेजर ओळखीचा होता, पण काळवंडलेला, दाढी वाढलेला शॅकल्टन त्याला ओळखू आला नाही. वर्स्ली त्याच रात्री बोटीने जाऊन पलीकडच्या तिघांना घेऊन आला.

उरले एलिफंट बेटावरचे २२. त्यांना आणायला शॅकल्टन चार वेळा निघाला. पहिलं जहाज बर्फाने अडवलं, दुसरं उरुग्वे सरकारचं तेही परतलं, तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा चिली देशाने येल्चो ही छोटी बोट दिली, कप्तान लुईस पार्दो.

इकडे बेटावर सूत्रं फ्रँक वाइल्डकडे होती. तोच बिस्किटवाला वाइल्ड. दोन होड्या उलट्या घालून त्याखाली २२ माणसं चार महिने राहिली. ब्लॅकबरो हा सगळ्यांत लहान पोरगा, जहाजावर चोरून चढून आलेला. त्याच्या पायाची बोटं हिमदंशाने सडली होती, ती डॉक्टरांनी तिथेच कापली. वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना अंथरूण-पांघरूण गुंडाळून ठेवायला लावायचा. आज बोट येईल, तयार राहा, एवढंच सांगायचा. शंभराहून जास्त सकाळी त्याने हे सांगितलं. ३० ऑगस्ट १९१६ रोजी बोट खरंच आली. होडीतून शॅकल्टनने लांबूनच माणसं मोजली. २२ भरली. तासाभरात सगळे बोटीवर होते. नायक गेल्यावरही टीम उभी राहिली, कारण त्याने मागे ठेवलेला माणूस त्याच्याइतकाच तयार होता.

शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही असं सर्रास सांगितलं जातं. आमच्या ट्रेनिंगमध्येही तेच सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नाही. पलीकडच्या बाजूला गेलेलं अरोरा जहाज वादळात नांगर तुटून वाहून गेलं आणि दहा माणसं किनाऱ्यावर अडकली. शॅकल्टन येणार, त्याला अन्न लागणार, म्हणून त्यांनी उपाशीतापाशी शेकडो किलोमीटर चालून सगळे साठे ठरल्या जागी ठेवले. येणारं कोणीच नव्हतं. त्यांतले तिघं दगावले. उरलेल्या सातांना आणायला जानेवारी १९१७ मध्ये शॅकल्टन स्वतः गेला. त्या दहा जणांनी आपला वाटा पुरा केला, हे विसरून शॅकल्टनचं कौतुक करता येत नाही.

दुसरी गोष्ट पदकाची. मोहिमेवरून आल्यावर बहुतेकांना ध्रुवीय पदक मिळालं. शॅकल्टनने चार जणांची शिफारस केली नाही. त्यांत मॅक्निश होता. ज्याने होडी बांधली, ज्याने बुटांना स्क्रू लावले, त्यालाच वगळलं. बर्फावरचा तो एक दिवस शॅकल्टन विसरला नाही. मॅक्निशनेही मांजरीची गोष्ट शेवटपर्यंत सोडली नाही. १९३० मध्ये न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला तो गरिबीत वारला. २००४ मध्ये त्याच्या थडग्यावर मांजरीची ब्राँझची मूर्ती बसवली गेली.

युद्धातून जगभर माणसं मरत होती, आणि बर्फातून वाचून आलेल्या या मंडळींतले बरेच जण थेट त्या युद्धावर गेले. जेम्स केअर्डवरचा मॅक्कार्थी १९१७ मध्ये समुद्रात मारला गेला. शॅकल्टनचं मन मात्र घरी रमलं नाही. १९२१ मध्ये डलिचचे शाळासोबती जॉन रोवेट यांच्या पैशावर क्वेस्ट जहाजातून तो पुन्हा निघाला. आधीच्या मोहिमेतले आठ जण हाकेसरशी परत आले, त्यांतल्या काहींचा मागचा पगारही पुरता मिळालेला नव्हता. ५ जानेवारी १९२२ रोजी साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्याशी, जहाजावरच, हृदयविकाराने शॅकल्टन गेला. वय ४७. मागे सुमारे ४०,००० पौंडांचं कर्ज. पत्नीच्या इच्छेनुसार ५ मार्चला त्याच बेटावर ग्रिटव्हिकेन इथे दफन झालं. २०११ मध्ये फ्रँक वाइल्डच्या अस्थी त्याच्या शेजारी, उजव्या बाजूला ठेवण्यात आल्या. आणि दफनाला बरोबर १०० वर्षं झाली त्या दिवशी, ५ मार्च २०२२ रोजी, एन्ड्युरन्स जहाज समुद्राखाली ३,००८ मीटरवर सापडलं.

आता माझं थोडं. मॅक्निशच्या पदकाची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्या दोन उन्हाळ्यांत आपल्याकडे नळाचं पाणी नव्हतं, टँकरवर दिवस काढले. तेव्हा एका सभासदाने कनेक्शनसाठी चकरा मारल्या, टाकीचं काम उभं राहून करून घेतलं, रविवारी पाइपला स्वतः हात घातला. स्वभाव तिखट. पुढे पार्किंगवरून कमिटीशी त्यांचं बिनसलं. त्यांनी काही महिने मेंटेनन्स भरला नाही, दर सर्वसाधारण सभेत माझ्या हिशेबावर बोट ठेवलं. त्यातली एक चूक खरीच निघाली होती. दहाव्या वर्धापनदिनी सोसायटीसाठी झटलेल्यांचा सत्कार झाला. यादी मी टाइप केली होती. त्यात त्यांचं नाव नव्हतं. ते राहून गेलं नव्हतं, मी ठेवलं नव्हतं. ते आले, मागच्या रांगेत बसले, सगळ्यांसाठी टाळ्या वाजवून घरी गेले.

आता ते नाहीत. पुढच्या काही वर्षांत आपल्यापुढे रीडेव्हलपमेंटचा विषय येणार आहे. तेव्हा आपल्यात पुन्हा तिखट बोलणारे, हिशेब विचारणारे असतीलच. त्यांच्याशी कसं वागायचं हे नव्या कमिटीने ठरवायचं आहे. मी माझ्याकडून एवढंच केलं, की यंदाच्या सत्काराच्या यादीत त्यांचं नाव पहिलं घ्यावं अशी लेखी विनंती कमिटीला केली. कमिटीने ती एकमताने मान्य केली आहे. सन्मानचिन्ह त्यांच्या सूनबाई स्वीकारतील. नाव इथे छापत नाही, त्या संध्याकाळी वाचलं जाईल. सर्वांनी वेळेवर यावं, ही विनंती.